मेंदू हातसुद्धा ऐकतो

(ऑडिओ भागाचं लिखित रूप. बोलण्यातली पुनरुक्ती काढली आहे, बाकी भाषा बोलले तशीच ठेवली आहे.)

आजचा विषय पॉडकास्टसाठी जरा अडचणीचा आहे. विषय आहे हातवारे, आणि तुम्ही तर मला फक्त ऐकताय. फोन खिशात, इयरफोन कानात. मी इकडे माइकसमोर हात नाचवतेय, त्यातलं काहीही तुमच्यापर्यंत पोचत नाहीये. मग तुमचं काही बुडतंय का? शब्द तर सगळे पोचतायत. हातात असं काय असतं, जे शब्दांत नसतं?

याचं उत्तर शोधायला माणसाला फार वेळ लागला. मधल्या काळात विद्वान मंडळींनी एक चुकीचा निर्णय घेतला आणि त्याची किंमत शाळकरी मुलांनी मोजली, तीही कितीतरी पिढ्या. आज तीच गोष्ट सांगते.

कोळशाचं राजूर

सुरुवात राजूरपासून करू. अकोले तालुक्यातलं राजूर नाही, जालन्याचं गणपतीचं राजूरही नाही. हे यवतमाळ जिल्ह्यातलं, वणीजवळचं राजूर. कोळशाचं आणि चुन्याच्या भट्ट्यांचं. हा सगळा वर्धा खोऱ्यातल्या कोळशाचा पट्टा. १९७३ मध्ये देशातल्या कोळसा खाणींचं राष्ट्रीयीकरण झालं, १९७५ मध्ये नागपूरला मुख्यालय असलेली वेस्टर्न कोलफिल्ड्स आली. खाण म्हटली की ठिकठिकाणची माणसं येतात आणि माणसांबरोबर भाषा येतात. या भागात वऱ्हाडी आहे, हिंदी आहे, तेलंगण जवळ म्हणून तेलुगू आहे. गोंडी आहे, बंजारा समाजाची गोरमाटी आहे आणि कोलाम समाजाची कोलामी आहे. कोलामी ही मराठीच्या नाही, तेलुगू-गोंडीच्या कुळातली, म्हणजे द्राविडी भाषा.

आता अशा भागात एक ट्रक मागे घेतला जातोय असं डोळ्यांसमोर आणा. इंजिनाची घरघर, धूळ. मागे उभा असलेला माणूस ओरडतोय, "येऊ दे, येऊ दे... डावीकडं काट... बस्स!" आणि ओरडताना त्याचा हात बोलावतोय, डावीकडं वळतोय, मग पंजा उभा राहतो. ड्रायव्हर आरशात बघतोय. त्याची भाषा कदाचित वेगळी. त्याला काय कळलं, शब्द की हात?

आपण पटकन म्हणतो, "हात. शब्द कुठे ऐकू येतायत!" पण मेंदूचा अभ्यास करणारे म्हणतात की प्रश्नच चुकीचा आहे. दोन्ही मिळून एकच गोष्ट कळते, आणि ती जुळवाजुळव अर्ध्या सेकंदाच्या आत होते.

एवढा म्हणजे केवढा?

यासाठी प्रयोगशाळेत जायच्या आधी आपली मराठीच बघा. "एवढा मोठा साप होता बापा!" हे वाक्य मी तुम्हाला आत्ता ऐकवलं. साप केवढा होता? तुम्हाला कळलं नाही, कारण ते शब्दांत नव्हतंच, माझ्या दोन हातांमधल्या अंतरात होतं. "तो असा घसरला", "इकडून गेला आणि तिकडून आला", "एवढूसं पिल्लू". एवढा, असा, इकडून, एवढूसं... या शब्दांमध्ये आपण मुद्दाम एक भोक ठेवलंय, आणि ते हातानं भरायचं असतं. म्हणजे भाषा घडवतानाच आपण धरून चाललो की समोरचा बघतोय. ऐकणाऱ्याचा मेंदू अर्धा अर्थ कानातून घेतो, अर्धा डोळ्यांतून, आणि त्याला शिवण कुठे दिसतही नाही. गोष्ट सांगणारी आजी हात वापरत होती का, हे तुम्हाला आठवणार नाही. साप केवढा होता हे मात्र आठवेल.

हाताची वेगळी लिपी

आपल्या परंपरेला हाताचं महत्त्व माहीत नव्हतं असं नाही. नाट्यशास्त्रात अभिनयाचे चार प्रकार सांगितलेत: आंगिक, वाचिक, आहार्य, सात्त्विक. एका हाताच्या २४ मुद्रा आणि दोन्ही हातांच्या १३ मुद्रा मोजून दिल्यात. पण त्यात आंगिक वेगळं आणि वाचिक वेगळं, असे दोन कप्पे आहेत.

मराठीत तर 'करपल्लवी' असा सुंदर शब्द आहे. मोल्सवर्थच्या कोशात तो सापडतो. करपल्लवी म्हणजे बोटांनी बोलण्याची गुप्त पद्धत. हाताची नागफणी केली की स्वर, कमळ केलं की 'क'चा वर्ग, चक्र केलं की 'च'चा वर्ग, आणि मग बोटं दाखवून त्या वर्गातलं कितवं अक्षर ते सांगायचं. डोळ्यांनी केली तर नेत्रपल्लवी. आणि बैलबाजारातला रुमाल तर तुमच्यापैकी काहींनी पाहिला असेल. दोन व्यापारी हातावर रुमाल टाकतात आणि आत बोटं दाबून भाव ठरवतात. तोंडानं चर्चा बैलाच्या दातांची, हातानं हिशेब रुपयांचा. बाजूला उभ्या असलेल्याला शब्द सगळे ऐकू येतात आणि व्यवहार काहीच कळत नाही.

पण यात एक मेख आहे. करपल्लवी काय किंवा रुमाल काय, इथे हात शब्दाची जागा घेतो. तो एक संकेत आहे, ठरवून केलेला, शिकावा लागणारा. ट्रकमागच्या माणसाचा हात, आजीचा साप दाखवणारा हात, तो कुणी शिकवलेला नाही. तो शब्दाच्या जागी येत नाही, शब्दाबरोबर येतो. या 'बरोबर'कडे फार काळ कुणी नीट पाहिलंच नाही.

पॅरिस, १८६१: "तां तां"

आता आपण फ्रान्सला जातोय, कारण मेंदू आणि भाषेची गोष्ट तिथल्या एका रुग्णाशिवाय सांगताच येत नाही. पॅरिसजवळच्या बिसेत्र रुग्णालयात लबोर्न्य नावाचा माणूस २१ वर्षं राहत होता. तिशीच्या सुमारास त्याची वाचा गेली. काहीही विचारा, तो एवढंच म्हणायचा, "तां, तां." सगळे त्याला तां म्हणूनच ओळखायचे. १८६१ मध्ये तो पॉल ब्रोका नावाच्या शल्यविशारदाकडे आला आणि काही दिवसांतच, एप्रिलमध्ये वारला. ब्रोकानं त्याचा मेंदू तपासला. डाव्या बाजूला, कपाळाच्या मागच्या भागात इजा दिसली. ब्रोकानं सांगितलं की बोलण्याची शक्ती इथे आहे. आजही त्या भागाला ब्रोकाचं क्षेत्र म्हणतात.

ही गोष्ट पाठ्यपुस्तकात इथे संपते. पण ब्रोकाच्या मूळ अहवालात एक नोंद आहे, जी सहसा कुणी सांगत नाही. तां "तां तां" म्हणताना नाना तऱ्हेचे हातवारे करायचा, आणि त्यातून आपलं बहुतेक म्हणणं समोरच्याला कळवायचा. ब्रोकानं विचारलं, किती वर्षं आहेस इथे? त्यानं हाताची पाच बोटं चार वेळा उघडली आणि मग एक बोट दाखवलं. चार पंचे वीस आणि एक, एकवीस. अगदी बरोबर! ब्रोकानं तोच प्रश्न पुन्हा विचारला, पुन्हा तेच उत्तर. तिसऱ्यांदा विचारल्यावर आपली परीक्षा चाललीय हे त्याच्या लक्षात आलं आणि तो चिडला.

म्हणजे बघा, ज्या माणसाच्या मेंदूवरून 'बोलण्याचं केंद्र' ठरलं, तो माणूस हातानं बोलत होता. ब्रोकानं ते पाहिलं, लिहिलंही. पण पुढे लोकांनी नाव लक्षात ठेवलं ते फक्त बोलण्याचं. हात बाजूला पडला. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मिलान, १८८०: हात खाली

१९ वर्षांनी, सप्टेंबर १८८० मध्ये, इटलीतल्या मिलान शहरात कर्णबधिर मुलांच्या शिक्षणावर एक आंतरराष्ट्रीय परिषद भरली. जमलेले जवळजवळ सगळे ऐकू येणारे होते. ठराव झाला की मुलांना ओठ वाचायला आणि तोंडानं बोलायलाच शिकवायचं, खुणांची भाषा शाळेत नको. दुसऱ्या ठरावाचा आशय तर आपल्या विषयाला थेट भिडणारा आहे: बोलणं आणि खुणा एकत्र वापरल्या तर बोलणं बिघडतं आणि विचारांची नेमकेपणाही जातो.

म्हणजे हात आणि शब्द एकत्र आले की एकमेकांना मारतात, अशी समजूत. कुठलाही प्रयोग न करता.

याचा परिणाम जगभर झाला. अनेक देशांत शाळांमधून खुणा हद्दपार झाल्या. वर्गात हात हलवला म्हणून मुलांना मारलं गेलं, हात मागे बांधून बसवलं गेलं. आपल्याकडे मुंबईत कर्णबधिर मुलांची शाळा निघाली तीही याच १८८०च्या दशकात, आणि आपल्या शाळांमध्येही पुढे मौखिक पद्धतच मुख्य राहिली. मुलं मात्र मधल्या सुट्टीत, वसतिगृहात एकमेकांशी हातानंच बोलत राहिली. त्यांच्यामुळेच ती भाषा टिकली. तिचा पद्धतशीर अभ्यास १९७०च्या दशकात झाला, दिल्ली, कोलकाता, मुंबई आणि बंगळूरमध्ये, आणि दिसलं की ही स्वतंत्र व्याकरण असलेली पूर्ण भाषा आहे. भारतीय सांकेतिक भाषेसाठी केंद्र सरकारची वेगळी संस्था निघाली ती थेट २०१५ मध्ये. मिलानचे ठराव चूक होते आणि त्याबद्दल खेद वाटतो, हे त्या परिषदेच्या परंपरेनं अधिकृतपणे म्हटलं २०१० मध्ये, कॅनडातल्या व्हँकुव्हरला. १३० वर्षांनी!

इथे एक फरक स्पष्ट करते. सांकेतिक भाषा म्हणजे हातवारे नव्हेत. ती मराठीसारखीच एक भाषा आहे. आपण बोलताना करतो ते हातवारे वेगळे. पण "हात नको" या एकाच समजुतीनं दोघांवरही अन्याय केला.

हात फक्त दाखवण्यासाठी असतो का?

विसाव्या शतकात वारं हळूहळू फिरलं. १९४१ मध्ये डेव्हिड एफ्रॉनचं पुस्तक आलं. तेव्हा नाझी विचाराचे लोक म्हणत होते की हातवारे रक्तातून येतात, वंशावरून ठरतात. एफ्रॉननं न्यूयॉर्कमध्ये आलेले इटालियन आणि पूर्व युरोपातले ज्यू लोक पाहिले, आणि त्यांच्यातले अमेरिकी समाजात मिसळून गेलेले लोकही पाहिले. पहिल्या दोन गटांचे हातवारे एकमेकांपेक्षा वेगळे होते, पण मिसळून गेलेल्यांमध्ये तो फरक पुसट झाला होता. रक्त तेच होतं, संगत बदलली होती.

मग अ‍ॅडम केंडन आणि शिकागोचे डेव्हिड मॅकनील आले. दोघांनी बोलणाऱ्यांचं चित्रीकरण अगदी बारकाईनं तपासलं. हाताचा मुख्य झटका नेमक्या शब्दाबरोबर पडतो, हे त्यांना पुन्हा पुन्हा दिसलं. मॅकनील यांनी १९८५ मध्ये मांडलं की हातवारे म्हणजे भाषेबाहेरची सजावट नव्हे. एकाच विचाराला दोन तोंडं फुटतात, एक आवाजाचं आणि एक हाताचं.

मॅकनील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऐकणाऱ्यांचीही परीक्षा घेतली. एका कार्टूनची गोष्ट सांगताना सांगणाऱ्यानं मुद्दाम काही ठिकाणी शब्द एक आणि हात भलताच, असं केलं. मग ऐकणाऱ्यांना ती गोष्ट परत सांगायला लावली. त्यांनी हातातली माहिती आपल्या शब्दांत मिसळून टाकली होती. हात आणि शब्द जिथे जुळत नव्हते तिथे जुळावेत म्हणून पदरचे तपशीलही घातले. वाचा आणि हात असे दोन वेगळे कप्पे त्यांच्या आठवणीत नव्हतेच.

आणि एक प्रयोग तर मला फार आवडतो. १९९८ मध्ये जाना आयव्हर्सन आणि सुझन गोल्डिन-मेडो यांनी जन्मापासून अंध असलेल्या १२ मुलांचा अभ्यास केला. या मुलांनी आयुष्यात कुणाचे हातवारे पाहिलेले नव्हते. तरी बोलताना ती हात हलवत होती. समोरचाही अंध आहे हे माहीत असताना हलवत होती! मग मी माइकसमोर हात हलवते, यात नवल ते काय.

४०० मिलिसेकंदांची गोष्ट

आता येऊ मेंदूकडे. १९८० मध्ये कॅलिफोर्नियात मार्टा कुटास आणि स्टीव्हन हिलयार्ड यांनी लोकांच्या डोक्यावर विद्युत लहरी टिपणारे इलेक्ट्रोड लावले आणि वाक्यं वाचायला दिली. समजा वाक्य असं आहे: "आईनं गरम भाकरीवर लोण्याचा डोंगर घातला." काही हरकत नाही. पण "आईनं गरम भाकरीवर चपलांचा जोड घातला" असं आलं, तर 'चपलांचा' या शब्दापासून साधारण ४०० मिलिसेकंदांच्या आसपास एक ठळक लहर उठते. मेंदू म्हणतो, हे बसत नाहीये! तिला एन-४०० म्हणतात.

ही लहर म्हणजे अर्थ जुळवण्याची खूण. मग संशोधकांनी विचारलं की शब्द बरोबर असेल आणि हात चुकीचा असेल तर? २००४ मध्ये स्पेन्सर केली आणि सहकाऱ्यांनी पाहिलं की शब्द आणि हात न जुळल्यावरही ती लहर उठते. २००७ मध्ये नेदरलँड्समधल्या नायमेखनला अस्ली ओझ्युरेक आणि सहकाऱ्यांनी आणखी नेमकं पाहिलं. आपल्या भाषेत उदाहरण घ्या. "तो छपरावरून गडगडत खाली आला" असं बोलताना हात चालण्याची दोन बोटं दाखवतोय. शब्द चुकला की एन-४००, हात चुकला तरी एन-४००, आणि दोन्ही जवळजवळ एकाच वेळी. मेंदू आधी शब्द समजून घेतो आणि सवडीनं हाताकडे वळतो, असं नाही. दोन्हींना एकाच रांगेत, एकाच वेळी घेतो.

त्याच वर्षी त्याच गटातल्या रोएल विलेम्स यांनी मेंदूची चित्रं घेऊन पाहिलं की हे जुळवणं कुठे होतं. न जुळणारा शब्द आणि न जुळणारा हात, दोन्हींनी मेंदूचा एकच भाग जास्त कामाला लागला. कुठला? डाव्या बाजूचा, कपाळाच्या मागचा. ब्रोकाच्या क्षेत्रातला!

आठवतोय तां? ज्या जागेला आपण १४०-१५० वर्षं बोलण्याची जागा म्हणत आलो, ती शब्द आणि हात दोन्हींचा अर्थ जुळवते. अर्थात ती एकटी नाही. कानामागे, डाव्या बाजूचा मधला भागही यात असतो. २०१८ मध्ये या दोन ठिकाणांचं काम चुंबकीय झटक्यांनी क्षणभर विस्कळीत केलं, तर हात आणि शब्द जुळवण्यात अडथळा आला.

हे आपल्या मर्जीवर असतं का? फारसं नाही. २०१०च्या एका प्रयोगात लोकांना सांगितलं, "फक्त शब्दांकडे लक्ष द्या, हात सोडून द्या." तरीही चुकीचा हात दिसला की त्यांच्या चुका वाढल्या. आणि यात वेळेचीही मर्यादा आहे. २०११च्या एका प्रयोगात शब्द हाताच्या १६० मिलिसेकंद मागे असला तरी मेंदूनं दोन्ही जुळवले. ३६० मिलिसेकंद मागे पडला तर जुळवले नाहीत. व्हिडिओ कॉलवर आवाज मागे पडला की माणूस परका वाटू लागतो, त्यातला थोडा भाग हा असावा असं मला वाटतं.

गोंगाट आणि परकी भाषा

आता तो मागे येणारा ट्रक परत घेऊ. गोंगाटात हाताचा फायदा किती होतो, हे लिंडा ड्राइव्हर्स आणि ओझ्युरेक यांनी तपासलं. आवाज मुद्दाम खराब केला आणि बघितलं की हात आणि ओठ दिसले तर शब्द किती कळतात. खूपच जास्त कळतात. पण सगळ्यात मोठा फायदा आवाज पूर्ण बुडालेला असताना होत नाही, तो अर्धवट ऐकू येत असताना होतो. कानाला शब्दाचं टोक सापडलं पाहिजे, मग हात ते ओढून बाहेर काढतो.

आणि पुढची गोष्ट जास्त महत्त्वाची. ज्यांनी ती भाषा नंतर शिकली होती, त्यांनाही खराब आवाजात हाताची मदत झाली, पण मातृभाषा असणाऱ्यांपेक्षा कमी. आपल्याला वाटतं की भाषा येत नसेल तर हातानं सगळं भागतं. तसं नाही. शब्दाचं टोकच सापडलं नाही, तर हात कशाला धरणार?

यवतमाळ जिल्ह्यातल्या पहिलीच्या वर्गाचा विचार करा. घरी कोलामी, शाळेत मराठी. कोलामीचं व्याकरण मरे एमेनो यांनी १९५५ मध्ये प्रसिद्ध केलं, म्हणजे ही भाषा जगाला माहीत नाही असंही नाही. तरी लेकराला वर्गात ऐकू येते ती मराठी, आणि बाकी पन्नास मुलांचा गलका. बाईंचा हात फळ्यावरच राहिला तर लेकराचा अर्धा अर्थ गेला. बाई हातानं 'मोठा', 'खाली', 'वाटून घे' दाखवतायत पण कोलामीतला एकही शब्द नाही, तर उरलेला अर्धाही निसटतो. दोन्ही हवेत. गोल्डिन-मेडो यांच्या गटानं गणिताच्या तासांवर केलेल्या कामातही दिसलं की शिक्षकाचा हात काही सांगत असेल तर मुलं ते उचलतात, शब्दांत नसलेलं सुद्धा.

आणि आपण अजून वक्तृत्व स्पर्धेत पोरांना काय सांगतो? "हात खाली! सरळ उभा राहा!" मिलानचा ठराव कागदावरून गेला, पण आपल्या जिभेवरून गेलेला नाही.

म्हणून पुढच्या वेळी कुणाला काही समजावून सांगायचं असेल, नव्या भाषेत चाचपडणाऱ्या माणसाला, कमी ऐकू येणाऱ्या आजोबांना किंवा पहिलीतल्या लेकराला, तर आधी त्यांच्या समोर या. फोन बाजूला ठेवा, हात मोकळे करा आणि त्यांच्या भाषेतला एक तरी शब्द घेऊन जा.

हा भाग ऐकून तुमच्या गावाकडची, तुमच्या घरातली एखादी खास खूण आठवली, तर मला लिहून पाठवा. लिहिताना अडचण येईल, ते मला माहीत आहे. "असं करतात" एवढंच लिहाल आणि पुढे काय लिहावं कळणार नाही. मग व्हिडिओ पाठवा!

भेटू पुढच्या भागात. नमस्कार.